मुसावो म्हणतील तेव्हा

परवा सराफ्यात तुझे बाबा भेटले, गराडू खाता खाता म्हणाले पोरगी दोन महिने युगांडाला चाललीये, जरा काहीतरी सांगा तिला. म्हणून लिहितोय, नाहीतर तुम्ही मेडिकलचे थर्ड इयरवाले कुणाचं ऐकता!

तिथल्या लुगांडा भाषेत एक शब्द पहिल्याच दिवशी कानावर पडेल, मुसावो. डॉक्टर मुसावो, नर्स मुसावो, सुई टोचणारा पण मुसावोच. ॲप्रन दिसला की झालं, कितव्या वर्षाला आहेस कुणी विचारत नाही. आणि खरं सांगू, ऐकायला भारी वाटतं गं. मी तिथेच फसलो.

माझं पोस्टिंग एका हेल्थ सेंटर थ्रीला, म्हणजे तिथल्या छोट्या आरोग्य केंद्रात होतं, तिथे डॉक्टर नव्हताच, तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला क्लिनिकल ऑफिसर सगळं बघायचा. एका दुपारी एक बाई तीनेक वर्षांचं पोर कडेवर घेऊन पळत आली, अंग तापलेलं, झटके येऊन गेलेले, हाक मारली तर ओ नाही. मी लगेच मान ताठ आहे का बघतोय, मेंदूज्वर असेल, पाठीतलं पाणी कसं काढायचं वगैरे डोक्यात चालू, तोवर त्याने पोराचं बोट टोचलं सुद्धा. शुगर पार खाली. डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं पाणी शिरेतून दिलं, सिस्टरने मलेरियाची रॅपिड टेस्ट करून आर्टेसुनेट हे मलेरियाचं इंजेक्शन भरलं आणि थोड्या वेळात पोर आईला शोधायला लागलं. गंभीर मलेरियात लहान मुलांची शुगर पडते हे मी परीक्षेत लिहून आलो होतो, हात मात्र तिकडे गेला नाही. आपण इथे व्हायवॅक्स हा सौम्य मलेरिया बघून मोठे झालो, तिथे जवळपास सगळा फाल्सिपेरम, जीवघेणा प्रकार, आणि तो माणूस पावसाळ्यात अशी पोरं रोज बघायचा.

तर पहिला आठवडा तिथल्या क्लिनिकल ऑफिसरच्या कोपराशी उभी रहा, रजिस्टर भर, वजनं घे. आणि कुणी म्हणालं तुम्हीच करा, तर सरळ सांग की मी स्टुडंट आहे. इथे इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलला रेसिडेंट डॉक्टर शेजारी नसताना टाके घालतेस का? मग तिथे पण नाही.

अजून एक गाढवपणा सांगतो. जाताना एमआरकडून, म्हणजे औषध कंपनीच्या माणसाकडून मिळालेली सॅम्पलची औषधं बॅगभर नेली होती, मोठं पुण्य केल्यासारखं. प्रत्येकाच्या दोन-दोन स्ट्रिप, एक्सपायरी जवळ आलेली, ब्रँडची नावं तिथे कुणाला माहीत नाहीत. सिस्टरची अख्खी सकाळ ती निवडण्यात गेली आणि शेवटी सगळं खड्ड्यात जाळलं, मला काही बोलली नाही बिचारी. डब्ल्यूएचओ तर सरळ म्हणते की सॅम्पल दान करू नका आणि औषध पोचेल तेव्हा निदान १ वर्ष एक्सपायरी शिल्लक हवी. न्यायचंच असेल तर आधी फोन करून विचार काय संपलंय, बहुतेक ग्लोव्हज सांगतील.

यलो फीवरची लस निघायच्या निदान १० दिवस आधी घे, सर्टिफिकेट त्यानंतरच लागू होतं, आणि ते नसेल तर परत येताना आपलेच लोक ६ दिवस क्वारंटाइन करू शकतात. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) घेणार असशील तर घरी आल्यावर पण ४ आठवडे चालू ठेवायची, इथेच सगळे आळस करतात. पेशंटला वापरलेली सुई टोचली तर लाजत बसू नको, पीईपी, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायचं औषध, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं बरं, आणि कोर्स २८ दिवसांचा. जिथे राहणार तिथे हे औषध कुठे मिळतं ते जायच्या आधीच विचारून ठेव.

आणि शेव ने दोन किलो. लौंग शेव नको, फिकी ने, सिस्टर लोकांना चहाबरोबर फार आवडायची.

काका