पहिलं पोस्टर छापायला देण्याआधी

ग्राफिक डिझाइन शिकायचंय, तर सॉफ्टवेअर कुठलं शिकू, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. एकच पोस्टर घे आणि छपाईपर्यंत ने. ए४ला ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. शिवाय चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेघेबाहेर वाढवलेली पार्श्वभूमी, सोड, नाहीतर कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते. व्हॉट्सॲपवर आलेला लोगो नको, एसव्हीजी माग, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाइल. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळकट होतो, म्हणून आधीच बदलून बघ.

खरी गंमत देवनागरीत. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेव. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्थिती’ची वेलांटी भलतीकडेच बसली, तर फॉन्टला शिव्या देण्याआधी परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सोय) निवडून बघ.