वाचकांचे प्रश्न : गोफणीचा पल्ला लांब की बाणाचा?

प्रश्न : आमच्या आजोबांच्या काळी ज्वारी दाण्यावर आली की माळ्यावर बसून गोफणीने पाखरे हाकलली जात. प्राचीन युद्धांत गोफणीचा मारा धनुष्यापेक्षाही लांब जात असे, असे नुकतेच वाचनात आले. राखणीचे हे साधन खरोखर बाणाच्या तोडीचे होते काय? आणि होते, तर पुढे ते मागे का पडले?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपण वाचलेले विधान खोटे नाही, मात्र ते ज्या प्रसंगावरून निघाले तो प्रसंग बाजूला ठेवून सांगितले गेले की त्याचा अर्थ बदलतो. हा प्रसंग झेनोफन या ग्रीक सेनानीने स्वतः अनुभवून लिहून ठेवला आहे. इ.स.पू. ४०१ मध्ये इराणी राजपुत्र धाकटा सायरस आपल्या भावाविरुद्ध, म्हणजे खुद्द सम्राटाविरुद्ध चालून गेला, तेव्हा त्याच्या पदरी सुमारे दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक होते. बाबिलोनजवळ कुनाक्सा येथे सायरस मारला गेला, पुढे ग्रीकांचे सेनापती दग्याने पकडले गेले, आणि परक्या मुलखाच्या मधोमध सापडलेल्या या सैन्याला उत्तरेकडे वाट काढत माघार घ्यावी लागली. झाब नदी ओलांडल्यावर मिथ्रिडेटीस नावाच्या इराणी सरदाराने अवघे २०० घोडेस्वार आणि ४०० तिरंदाज व गोफणधारी घेऊन त्यांना पिछाडीवरून असे सतावले की दिवसभरात त्यांची वाटचाल चार-पाच किलोमीटरांपलीकडे गेली नाही. ग्रीकांकडे क्रीट बेटावरचे तिरंदाज होते, परंतु त्यांचे बाण इराण्यांपर्यंत पोहोचत नव्हते. आणि भालाफेक करणाऱ्यांचे भाले तर गोफणधाऱ्यांच्या आसपासही पडत नव्हते.

त्या रात्री झेनोफनने सुचवलेला उपाय फार व्यवहारी होता. सैन्यात ऱ्होड्स बेटावरचे बरेच लोक होते आणि त्या बेटावरच्या माणसांना गोफण येते, हे सर्वांना ठाऊक होते. ज्यांच्याकडे गोफणी असतील त्यांना त्यांचे पैसे द्यावेत, नव्या वळून देणाऱ्यांना मजुरी द्यावी, आणि जे गोफण घेऊन उभे राहतील त्यांना इतर कामांतून सूट द्यावी, असे ठरले आणि सकाळपर्यंत २०० माणसे तयार झाली. पुढच्या वेळी मिथ्रिडेटीस १,००० घोडेस्वार आणि ४,००० तिरंदाज-गोफणधारी घेऊन आला, तरी त्याला हाती काही लागले नाही. ऱ्होड्सच्या लोकांचा मारा इराणी गोफणींपेक्षा तर लांब जात होताच, पण बहुतेक तिरंदाजांपेक्षाही लांब जात होता, असे झेनोफन लिहितो. आपण वाचलेल्या विधानाचे मूळ हेच असावे.

आता या हकिगतीतील एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. गोफण दोन्ही बाजूंना होती. फरक होता तो तिच्यात ठेवलेल्या गोळ्याचा. इराणी लोक मूठभर आकाराचे दगड वापरत, तर ऱ्होड्सचे लोक शिशाच्या छोट्या गोळ्या वापरत, आणि झेनोफनच्या मते केवळ त्यामुळे त्यांचा पल्ला दुपटीने वाढत होता. याचे कारण आज सहज सांगता येते. साध्या दगडाची घनता पाण्याच्या अडीचपट ते पावणेतीनपट असते, शिशाची अकरापटीहून अधिक. तेवढ्याच वजनाची शिशाची गोळी दगडापेक्षा इतकी लहान होते की तिचे हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ दगडाच्या निम्म्याहूनही कमी राहते. त्यात ती बदामाच्या आकाराची ओतलेली असली तर हवेचा अडथळा आणखी घटतो. फेकताना वेग तोच असला तरी दगडाचा वेग वाटेत लवकर ओसरतो, शिशाचा टिकून राहतो. म्हणून ‘गोफण लांब की धनुष्य’ असे विचारण्याआधी ‘कोणत्या गोळ्याची गोफण’ हे विचारावे लागते. वाटेतल्या खेड्यांत ग्रीकांना धनुष्याच्या दोऱ्या आणि गोफणीसाठी शिसे असे दोन्ही मिळाले, याचीही नोंद झेनोफनने आवर्जून केली आहे. क्रीटचे तिरंदाजही गप्प बसले नव्हते; इराण्यांचे मोठे बाण गोळा करून, ते वर उंच सोडून लांब मारण्याचा सराव ते करीत राहिले.

दुसरा फरक माणसाचा. गोफण फिरवताना हाताची लांबी जणू दोरीएवढी वाढते आणि टोकाशी असलेल्या गोळ्याला त्या प्रमाणात वेग येतो, हे तत्त्व सोपे आहे. पण दोरीचे सुटे टोक नेमके कोणत्या क्षणी सोडायचे, हे तत्त्व वाचून येत नाही. क्षणाचा लहानसा अंश इकडेतिकडे झाला तर गोळा भलत्याच दिशेला जातो, हे आपल्या आजोबांना विचारले असते तर त्यांनीही सांगितले असते. म्हणूनच प्राचीन जगातील नावाजलेले गोफणधारी ठरावीक मुलखांतूनच येत. भूमध्य समुद्रातील बॅलिआरिक बेटांवर, म्हणजे आजच्या मेयॉर्का-मिनॉर्का परिसरात, मुलाने गोफणीने नेम साधून भाकरी पाडल्याशिवाय आई ती त्याला देत नसे, असे ग्रीक लेखक सांगतात. कथा थोडी रंगवलेली असली तरी त्यातला आशय पटण्यासारखा आहे. हे लोक कमी, मध्यम आणि लांब अंतरांसाठी वेगवेगळ्या लांबीच्या तीन गोफणी बाळगत. रोमशी लढलेला कार्थेजचा सेनानी हॅनिबल याच्या सैन्यात ते होते आणि इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत रोमन कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) एमिलिअस पॉलस लढाईच्या सुरुवातीलाच गोफणीच्या गोळ्याने जबर जखमी झाला, असे रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. इ.स.पू. १२३ मध्ये रोमनांनी ही बेटे जिंकली, तेव्हा सेनापती मेटेलसने गोफणीच्या माऱ्यापासून बचाव म्हणून आपल्या जहाजांच्या डेकवर कातडी ताणून बसवली होती. ज्या शस्त्रासाठी आरमाराला कातड्याचे छप्पर घालावे लागते, त्याला राखणीचे खेळणे म्हणता येणार नाही.

माऱ्याच्या परिणामाविषयी एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. समजा, ५० ग्रॅमचा गोळा सेकंदाला ४० मीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा ४० ज्यूल होते. ३० ग्रॅमचा बाण ५० मीटर वेगाने सुटला तर ती साडेसदतीस. म्हणजे दोन्ही जवळपास एकाच पंगतीत बसतात. परंतु बाण ती सर्व ऊर्जा एका टोकावर आणतो आणि भोसकतो, तर गोळा ती पसरून देतो आणि आतून मोडतो. उघड्या अंगावर बाण अधिक भयंकर. शिरस्त्राण आणि चिलखत घातलेल्या माणसाला मात्र गोफणीचा तडाखा कवच न फुटताही आत पोहोचत असे. व्हेजिशियस हा उत्तरकालीन रोमन लेखक तर म्हणतो की चिलखत घातलेल्या शत्रूवर गुळगुळीत गोटे बाणांपेक्षा अधिक घातक ठरतात, कारण अवयव न तुटता, रक्त न सांडता माणूस मरतो. लहान शिशाच्या गोळ्या मात्र अंगात शिरतही असत. केल्सस या रोमन वैद्यकीय लेखकाने जखमेतून त्या बाहेर कशा काढाव्यात हे स्वतंत्रपणे लिहिले आहे. आणखी एक सोय अशी की बाण येताना दिसतो, ढाल वर करायला क्षणभर तरी मिळतो. शिशाची गोळी जवळजवळ दिसतच नाही. या गोळ्यांवर मजकूर ओतण्याचीही पद्धत होती. ‘घे हे’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द असलेल्या गोळ्या सापडल्या आहेत, आणि इ.स.पू. ४१-४० मधील पेरूजियाच्या वेढ्यातील रोमन गोळ्यांवरचा मजकूर इतका शिवराळ आहे की तो या सदरात छापता येणार नाही.

असे असूनही गोफण मागे पडली, याची कारणे रणभूमीच्या रचनेत आहेत. तिरंदाज खांद्याला खांदा लावून दाटीवाटीने उभे राहू शकतात. गोफणधाऱ्याला दोरी फिरवण्यापुरती मोकळी जागा हवी, त्यामुळे तेवढ्याच रुंदीत गोफणधारी कमी मावतात आणि मारा विरळ होतो. घोड्यावरून धनुष्य चालवता येते आणि मध्य आशियातील लोकांनी त्यात कमालीचे प्रावीण्य मिळवले. गोफणीला घोडा मानवत नाही. इ.स.पू. ५३ मध्ये कऱ्हीच्या मैदानात इराणवर राज्य करणाऱ्या पार्थियनांच्या अश्वारूढ तिरंदाजांनी रोमन सेनापती क्रॅससचे सैन्य उद्ध्वस्त केले, तेव्हा शत्रूचे बाण कधीतरी संपतील या आशेवर रोमन तग धरून होते, आणि मागून बाणांनी लादलेले उंट येत होते.

याच शत्रूशी गोफणीची गाठ पुन्हा पडली, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर तिथे मिळते. इ.स.पू. ३६ मध्ये रोमन सेनानी मार्क अँटनी पार्थियनांवर चालून गेला आणि त्याला पराभूत होऊन परतावे लागले. या माघारीत त्याच्या गोफणधाऱ्यांचा मारा पार्थियन तिरंदाजांपेक्षा लांब जाऊन चिलखतधारी स्वारांनाही जखमी करीत होता, असे कॅसियस डिओ हा इतिहासकार सांगतो. पल्ल्यात गोफण जिंकली होती, पण स्वार मागे हटून पुन्हा दुसऱ्या बाजूने येत, आणि पायी चालणारा गोफणधारी त्यांचा पाठलाग करू शकत नव्हता. अँटनीने त्या मोहिमेत हजारो माणसे गमावली. गोफणीने त्याच्या सैन्याला श्वास घ्यायला अवधी दिला, विजय दिला नाही. दहा हजार ग्रीकांच्या बाबतीतही तिने एवढेच केले होते.

खर्चाचा मुद्दा मात्र उलट बाजूचा आहे. चांगले संयुक्त धनुष्य लाकूड, शिंग, स्नायू आणि सरस यांपासून बनते आणि ते तयार व्हायला फार वेळ लागतो. प्रत्येक बाणाला सरळ काडी, पिसे आणि पाते लागते. गोफण ही लोकरीची, तागाची वा कातड्याची एक दोरी, आणि नदीचा काठ हे तिचे शस्त्रागार. इंग्लंडमधील मेडन कॅसल या लोहयुगीन किल्ल्याच्या उत्खननात मॉर्टिमर व्हीलर यांना समुद्रकाठच्या गोट्यांचे वीस हजारांहून मोठे साठे सापडले होते. (हेच व्हीलर पुढे १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले.) पावसात धनुष्याची दोरी सैल पडते आणि गोफण मात्र निर्धोक राहते, असेही अनेकदा सांगितले जाते, ते तितकेसे खरे नाही. इ.स.पू. १९० मधील मॅग्नेशियाच्या लढाईचे वर्णन करताना लिव्ही म्हणतो की दमट हवेने धनुष्ये, गोफणी आणि भाल्यांचे पट्टे हे सारेच ढिले पडले होते.

प्रश्न : प्राचीन भारतात गोफण युद्धात वापरत होते का? महाकाव्यांत तर सर्वत्र धनुष्यच दिसते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वापरत होते, आणि पुरावा खुद्द कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. शस्त्रागाराच्या अध्यक्षाची कामे सांगताना तिथे दगडी आयुधांची यादी दिली आहे आणि तीत यंत्राने फेकायचे व हाताने फेकायचे दगड यांच्या जोडीला ‘गोष्पणपाषाण’, म्हणजे गोफणीचे दगड, आले आहेत. आपला ‘गोफणगुंडा’ तो हाच. सुश्रुतसंहितेतील चौदा प्रकारच्या बंधांतही ‘गोफणा’ नावाचा एक बंध आहे. हनुवटी, नाक, ओठ अशा फुगीर जागी मध्ये रुंद आणि दोन्हीकडे निमुळती पट्टी बांधायची, तिला गोफणीचे नाव मिळाले. वस्तू घरोघरी ओळखीची असल्याखेरीज वैद्य तिचे नाव पट्टीला देणार नाही.

मान मात्र धनुष्यालाच होता. त्याच अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये नावानिशी दिली आहेत आणि दोऱ्यांचे प्रकारही वेगळे सांगितले आहेत. भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाएवढे उंच असते, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढतात आणि त्याच्या बाणापुढे ढाल वा छातीचे कवच टिकत नाही, असे वर्णन ॲरियन या ग्रीक इतिहासकाराने केले आहे. इतक्या मोठ्या धनुष्याचा तोटा इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी सिकंदराशी झालेल्या लढाईत दिसला : पावसाने जमीन निसरडी झाली होती आणि पोरसच्या तिरंदाजांना धनुष्य टेकवायला घट्ट आधार मिळेना, असे कर्टिअस हा रोमन लेखक लिहितो.

प्रश्न : गोफणीने जास्तीत जास्त किती अंतर गाठता येते?
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : १९८१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात लॅरी ब्रे यांनी दगड ४३७ मीटर फेकल्याची नोंद आहे. हा केवळ अंतराचा विक्रम होय. त्यात नेमाचा संबंध नव्हता. रोमन सैन्यात तिरंदाज आणि गोफणधारी या दोघांच्याही सरावासाठी काटक्यांचे किंवा गवताचे भारे ६०० रोमन फुटांवर, म्हणजे सुमारे १७८ मीटरांवर, उभे करीत, असे व्हेजिशियस सांगतो. दोघांना लक्ष्य एकाच अंतरावर दिले जात होते, हे येथे लक्षात घ्यावे.