सिस्कोचा जुना नेटवर्क स्विच ‘राइट इरेज’ कमांडने पुसूनही आधीचे व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी आभासी नेटवर्क) दिसतात. ते कसे काढायचे?

पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सेकंडहँड स्विच आणला की हे हमखास होतं, माझंही झालंय. ‘राइट इरेज’ने फक्त स्टार्टअप कॉन्फिग, म्हणजे स्विच सुरू होताना वाचतो ती सेटिंग्जची फाइल, जातं. १ ते १००५ क्रमांकांचे व्हीलॅन स्विचच्या फ्लॅश मेमरीतल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या डेटाबेस फाइलमध्ये असतात, तिला कुणी हातच लावत नाही.

कन्सोल केबलने लॅपटॉप स्विचला जोडा, इनेबल मोडमध्ये (सगळे अधिकार मिळतात तो मोड) ‘डिर फ्लॅश’ करून फाइल आहे ना ते बघा. जुनं काही ठेवायचं असेल तर आधी ‘कॉपी’ने टीएफटीपी सर्व्हरवर (नेटवर्कवरून फाइल ठेवून घेणारा साधा सर्व्हर) घ्या. मग ‘डिलीट’ कमांडला ‘फ्लॅश:’ आणि फाइलचं नाव द्या. इथे सगळे फसतात: स्विच फाइलचं नाव पुन्हा विचारतो तेव्हा ‘वाय’ दाबू नका, नुसतं एंटर. ‘वाय’ दाबलंत तर तो ‘वाय’ नावाची फाइल शोधत बसतो! शेवटी ‘रीलोड’, सेव्ह करू का विचारलं तर ‘नो’.

हे सगळं ऑफिसच्या नेटवर्कला जोडण्याआधी, टेबलावरच करा. व्हीटीपी म्हणजे स्विचेसनी आपसात व्हीलॅनची यादी जुळवून घ्यायची सिस्कोची पद्धत. जुन्या स्विचचं व्हीटीपी डोमेन (गटाचं नाव) तुमच्याशी जुळलं आणि त्याच्या यादीचा रिव्हिजन नंबर (बदलांचा क्रमांक) जास्त निघाला, तर तो तुमच्याच स्विचेसचे व्हीलॅन उडवेल. मग हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रात्री परत ऑफिस गाठा.