उत्तर: ९११ जीटी३ आरएस शेपूट फिरवते? व्हील विकण्याआधी टीव्ही बघा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला राव. ग्रान टुरिस्मो ७ या प्लेस्टेशनवरच्या कार शर्यतीच्या गेममध्ये तुम्ही ९९२ पिढीची पोर्शे ९११ जीटी३ आरएस घेतली. रिप्लेमध्ये दृष्ट लागावी अशी दिसते, शर्यतीत मात्र रंग फिका वाटतो. वळणात आधी नाक सरळ जातं, मग मागचा भाग निघतो, सावरायला गेलं की गाडी उलट्या बाजूला फेकते. तुम्ही विचारताय, व्हील (गेम खेळायचं स्टिअरिंग) खराब झालंय का, विकून टाकू का? हे सगळं मी तीन महिने भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधीच सांगतो, मी कुणी ई-स्पोर्ट्सवाला नाही. सांगलीत नोकरी करून रात्री साडेदहानंतर खेळणारा बेचाळीस वर्षांचा माणूस. व्हील बायकोच्या शिलाई मशीनच्या टेबलाला अडकवलेलं असतं. तेव्हा माझं म्हणणं वेद म्हणून घेऊ नका. कॅलिब्रेशन, फर्मवेअर, पेडलची केबल वगैरे तुम्ही बघितलंच असणार, त्यात शिरत नाही.

आधी दिसण्याचं, कारण माझा घात तिथेच झाला. साध्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर या गेममधलं रे ट्रेसिंग, म्हणजे खऱ्यासारखी प्रतिबिंबं दाखवणारं तंत्र, रिप्ले, गॅरेज आणि फोटोंपुरतं आहे. शर्यत चालू असताना ते नसतं. रिप्लेमध्ये बॉनेटवर झाडं सरकताना दिसतात आणि गाडी चालवताना ती गायब होतात, ते त्यामुळे. टीव्हीत कितीही खुडबूड केलीत तरी ती चमक शर्यतीत येणार नाही. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर!

मी काय केलं? रे ट्रेसिंग चालू केलं की रिप्ले किंचित तुटक दिसतो, कारण सेकंदाला चित्रं (फ्रेम) कमी मिळतात. तो तुटकपणा मला डाचायला लागला. मग टीव्हीचा पिक्चर मोड भडक केला आणि ते हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग पूर्ण वर नेलं. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. रिप्ले असा दिसायला लागला की आमच्या आईनेसुद्धा विचारलं, ही शर्यत कुठल्या गावची? मी खूश. आणि त्याच आठवड्यापासून गाडी हातात राहीना.

ते सेटिंग दोन चित्रांच्या मधलं एक चित्र स्वतः बनवतं. मधलं बनवायचं तर पुढचं चित्र आधी हातात यायला हवं, म्हणून टीव्ही सगळंच थोडं थांबवून दाखवतो. सिनेमा बघताना याने काही बिघडत नाही. गेममध्ये मात्र तुम्ही गाडीचा भूतकाळ बघून स्टिअरिंग फिरवत असता. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तर साडेपाच मीटर गेले, म्हणजे या गाडीच्या लांबीपेक्षा जास्त.

मग बाकीच्या गाड्यांत हे का जाणवत नाही? मलाही हाच प्रश्न पडला होता. गेममधली माझी रोडस्टर (दोन सीटची छोटी उघडी गाडी) नीट चालायची, म्हणून मी सगळं खापर पोर्शेवर फोडलं. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. शेपूट एकदा निघालं की ते वजन लोलकासारखं झोका घेतं. लगेच आणि थोडंसंच उलटं स्टिअरिंग दिलं तर सावरतं. उशिरा दिलं की आपण घाबरून जास्त देतो आणि दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा येतो. रोडस्टर हलकी, वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास सारखं वाटलेलं, तिने माझा उशीर पोटात घातला. पोर्शेने घातला नाही. दोष दोन्हीकडे तोच होता.

पण हे कळायच्या आधी मी व्हील दुरुस्तीला पाठवलं. माझी सगळ्यात महागडी चूक हीच. केंद्राचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. फोनवरच्या माणसाचा पहिला प्रश्न होता, "साहेब, तुम्ही याच्यावर गेम खेळता का?" अहो, स्टिअरिंग व्हीलवर दुसरं काय करणार, पापड वाळत घालणार? खोक्यात भरून कुरिअर केलं. तिसऱ्या आठवड्यात पावतीचा नंबर सापडत नाही म्हणाले. पाचव्या आठवड्यात "पार्ट मागवलाय". सातव्या आठवड्यात खोकं परत आलं, आत चिठ्ठी : दोष आढळला नाही. तपासणीचे ११८० रुपये वेगळे. कुठला पार्ट मागवला होता, याचं उत्तर आजतागायत नाही. टेबलाला अडकवायचा डावा क्लॅम्प खोक्यात नव्हता, तोही गेला. आणि वर सल्ला, "गेमचा प्रॉब्लेम असेल." तुम्ही पाठवणार असाल तर निदान सगळे सुटे भाग मांडून एक फोटो काढून ठेवा.

खरं कारण दिवाळीत कळलं. भाचा त्याचा जुना, ओबडधोबड मॉनिटर घेऊन आला होता. गंमत म्हणून त्याला जोडलं. तेच व्हील, तीच गाडी, तेच टायर. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफ ट्रॅकवर, २०.८ किलोमीटरच्या त्या जंगलात, पहिल्याच फेरीत गाडी भिंतीला न लागता परत आली. मी भाच्याकडे बघतोय, भाचा माझ्याकडे.

तुमच्या टीव्हीचा उशीर तुम्ही मोजून बघा, खर्च शून्य. कॉकपिट व्ह्यू (चालकाच्या सीटवरून दिसणारं दृश्य) लावा, फोनचा स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा आणि तुमचे हात व पडद्यावरचं स्टिअरिंग एकाच चौकटीत येतील असा व्हिडिओ काढा. व्हील झटकन फिरवा, मग पडद्यावरचं हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. माझ्या टीव्हीवर भडक मोडमध्ये ३८ आल्या, गेम मोडमध्ये (टीव्हीचं उशीर कमी करणारं सेटिंग) २०. हा आकडा फक्त दोन मोडची तुलना करायला वापरा, कारण त्यात गेमचा स्वतःचा उशीरही असतो. नवे टीव्ही आपोआप गेम मोडवर जातात. माझा जात नव्हता. आणि बऱ्याच टीव्हीत ते सेटिंग ज्या त्या एचडीएमआय पोर्टला वेगळं असतं, तेव्हा सेट टॉप बॉक्सच्या पोर्टवर बदलून "फरक पडला नाही" म्हणू नका. मी म्हटलं होतं.

आता समजा टीव्ही ठीक निघाला. मग थोडं गाडीबद्दल, हे माझं वैयक्तिक मत. सेटअपला हात लावू नका. मी तीन महिन्यांत स्प्रिंग, अँटी-रोल बार, डिफरन्शियल सगळं पिळून काढलं आणि शेवटी सगळं मूळ आकड्यांवर आणलं. शिवाय जुलै २०२४ च्या १.४९ अपडेटमध्ये गाड्यांचं फिजिक्स बदललं, त्यामुळे त्याआधीचे व्हिडिओ बघून आकडे उतरवण्यात अर्थ नाही. गेममधल्या मदतींपैकी एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारं) राहू द्या, टीसीएस (चाकं जागच्या जागी फिरू न देणारं) १ वर, काउंटरस्टिअर असिस्ट (उलटं स्टिअरिंग आपोआप देणारं) बंद. शेवटच्याबद्दल लोक भांडतील, भांडू देत.

नाक सरळ जातं त्याचं कारण पुढे वजन कमी. ब्रेक एकदम सोडलात की नाक उचललं जातं आणि पुढच्या टायरांची पकड जाते. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जा. आणि मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडू नका, ९११ त्यालाच शेपटीने उत्तर देते.

दुसरं म्हणजे गाडीच्या मागचा तो मोठा पंख. खऱ्या गाडीत तो छतापेक्षा उंच आहे आणि शोभेचा नाही. पोर्शेचा आकडा असा की ताशी २०० ला हवा गाडीला ४०९ किलोने खाली दाबते आणि २८५ ला ८६० किलोने. गाडीचं स्वतःचं वजन १४५० किलो. हा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे ताशी १०० ला तो अंदाजे शंभर किलोच उरतो. म्हणून ही गाडी वेगवान वळणात चिकटून राहते आणि हेअरपिनला, म्हणजे हळू घ्याव्या लागणाऱ्या यू-आकाराच्या वळणाला, घसरते. तुमची गाडी कुठल्या वळणांवर फिरते ते पोस्टमध्ये नाही. फक्त हळू वळणांवर फिरत असेल तर तो उजव्या पायाचा प्रश्न आहे.

फिक्या रंगाचं म्हणाल तर एकदा रिप्ले थांबवून बॉनेटवरची दोन मोठी भोकं बघा. नाकात मधोमध एकच मोठा रेडिएटर बसवलाय, त्याची गरम हवा तिथून बाहेर पडते. छतावरचे छोटे पंख ती बाजूला ढकलतात, म्हणजे मागच्या इंजिनाला गार हवा मिळते. त्या रेडिएटरपायी सामान ठेवायची जागाच गेली. हे बघायला टीव्हीचा भडक मोड लागत नाही. रिप्लेसाठी तो हवाच असेल तर शर्यत संपल्यावर रिमोटने बदला. मी आता तेच करतो, बायको हसते.

तर व्हील अजून विकू नका. फ्रेम मोजून दोन्ही आकडे इथेच लिहा, टीव्ही किती जुना तेही टाका. आणि मोजूनही विकायचंच ठरलं, तर डावा क्लॅम्प सुटा देणार का ते कळवा.