लॉरेन्सला मॅच बघायला निघण्याआधी

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

बास्केटबॉलच्या मॅचला तुमच्या के-स्टेटचा (कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा) जांभळा शर्ट घालून लॉरेन्सला, केयूच्या (कॅन्सस विद्यापीठाच्या) मैदानात जावं की साध्या कपड्यांत गुपचूप बसावं, असं विचारलंस. शर्ट घालूनच जा. तिकिटाला एवढे पैसे मोजून आपली बाजू लपवायची असेल तर मॅच खोलीवर टीव्हीवर बघितलेली काय वाईट? मात्र एक सांगतो. तुझ्या लॅबमधली कॅन्ससची पोरं केयूच्या नावानं बोटं मोडतात, ते त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलंय. तू धान्यविज्ञान शिकायला आलेला, कॅन्ससमधल्या मॅनहॅटनमध्ये आत्ता कुठे दुसरा हिवाळा काढतोयस. संघ तुझा झाला, छान झालं. वैर मात्र उसनं आणू नकोस. परक्या मैदानात सगळ्यात वाईट शिव्या घालणारे बहुधा असे नवे भक्तच असतात.

मॅच संध्याकाळी असली तरी सकाळीच नीघ. आय-७० महामार्गानं जेमतेम दीड तासाचा रस्ता. गाडी फील्डहाउसपासून (मॅच होते त्या बंदिस्त स्टेडियमपासून) लांब लाव आणि चाल; जवळ जागा शोधत फिरणाऱ्यांचे पहिले डाव हुकतात.

आधी मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर जा. तिथे सगळे 'मॅस स्ट्रीट' म्हणतात. १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विरोधातले लोक मॅसॅच्युसेट्सहून येऊन इथे वसले, त्यांनी हे गाव उभं केलं. २१ ऑगस्ट १८६३ ला गुलामगिरीच्या बाजूच्या क्वांट्रिलच्या टोळीनं पहाटे येऊन ते जाळलं आणि दीडशेच्या वर पुरुष आणि पोरं मारली. एल्ड्रिज हॉटेल त्यातच जळालं, पुन्हा बांधलं गेलं, आजही त्याच कोपऱ्यावर आहे. केयूचं चिन्ह असलेल्या ज्या जेहॉक पक्ष्याच्या पिवळ्या चोचीची तुम्ही टिंगल करता, त्याचं नाव त्या काळातल्या या गुलामगिरीविरोधी लढवय्यांशी जोडलेलं आहे. हे माहीत असलं की टिंगल करताना जरा हात आखडतो. जेवायला फ्री स्टेट ब्रूइंग या बिअरवाल्यांकडे जा. परतीची गाडी तुझ्याकडे असेल तर नुसतं जेव.

मग डीब्रूस सेंटर. फील्डहाउसला लागूनच आहे आणि हे चुकवलंस तर मी रागावेन. जेम्स नेस्मिथनं १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला या खेळाचे १३ नियम टाइप करून घेतले, ते मूळ दोन कागद तिथे काचेत ठेवलेत. २०१० च्या लिलावात केयूच्या एका माजी विद्यार्थ्यानं ते ४३ लाख डॉलरला घेतले. नेस्मिथ १८९८ मध्ये लॉरेन्सला आला, केयूचा पहिला प्रशिक्षक झाला, आणि गंमत बघ, ५५ विजय आणि ६० पराभव. ज्यानं खेळ काढला तोच केयूचा एकमेव तोट्यातला प्रशिक्षक! त्याची कबरही त्याच गावात आहे. फील्डहाउसला नाव मात्र त्याच्या शिष्याचं, फॉग ॲलनचं. नेस्मिथच्या वाट्याला आतल्या मैदानाचं नाव आलं.

ॲलन फील्डहाउस १ मार्च १९५५ ला सुरू झालं तेव्हा पहिला पाहुणा कोण होता? आपलाच के-स्टेट. ७७-६७ नं हरला. म्हणजे त्या वास्तूच्या इतिहासात पहिल्या दिवसापासून आपण आहोत, तेव्हा बिचकू नकोस.

आत पंधरा हजारांवर माणसं आणि बाकडी. बाहेर बर्फ असलं तरी आत घाम येतो, जाकिटाखाली पातळ काहीतरी घाल. आपल्या खेळाडूंची नावं पुकारली जातात तेव्हा केयूची पोरं वर्तमानपत्रं उघडून वाचत बसल्याचं सोंग करतात आणि नंतर त्यांचेच तुकडे उधळतात. चिडू नकोस, बघण्यासारखं असतं ते. २०१७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध तिथे १३०.४ डेसिबल आवाज मोजला गेला, गिनीजमध्ये नोंद आहे. कानात घालायचे बोळे ने, लाजू नकोस.

खेळ बघताना खासबागेतला कुस्तीशौकीन आठव. आपला पैलवान कुठलाही असो, समोरच्यानं डाव बरोबर टाकला की त्याच्या तोंडून 'वा!' निघतंच. तेवढी दाद तूही दे. बाकी आपल्या बास्केटला पोट भरून ओरड.

हरत आलो की शेवटची दोन मिनिटं केयूचे लोक संथपणे 'रॉक चॉक, जेहॉक, केयू' हा आपला घोष सुरू करतात. तेव्हा आपली मंडळी गाडी काढायच्या घाईनं उठतात. तू बस. पराभवातसुद्धा ऐकावं असं दुसरं काही या खेळात फार नाही. आणि जिंकलात तर? जानेवारी २००६ मध्ये के-स्टेट तिथे ५९-५५ नं जिंकलं, त्याआधी केयूकडून सलग ३१ सामने हरलं होतं. तेव्हा जिंकलात तर नाचा, पण बाहेर पडताना जिन्यात शेजाऱ्याच्या तोंडावर नको. त्याच्याही पोरानं पाळ्या लावून रांगेतली जागा धरलेली असते.

परतताना टोपेकाच्या पुढे वारा आडवा मारतो आणि रात्री हरणं रस्त्यावर येतात. बर्फाचा इशारा असेल तर लॉरेन्सलाच मुक्काम कर. टोलनाक्यावर आता रोख घेत नाहीत, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल गाडीमालकाच्या घरी जातं. गाडी रूममेटची आहे ना? त्याचे पैसे त्याला निघायच्या आधीच दे.

तुझा,
काका