शब्दांची विचारपूस : ‘हॅगल’मधली म्हातारी कोण?

प्रश्न : माझा नातू इंग्रजी माध्यमात सातवीत आहे. परवा त्यांच्या शब्दार्थात ‘हॅगल’ हा शब्द आला. अर्थ, भाव करणे, घासाघीस करणे. बाईंनी वर्गात सांगितलं की ‘हॅग’ म्हणजे चेटकिणीसारखी म्हातारी, आणि अशा म्हाताऱ्या बाजारात भांडतात म्हणून ‘हॅगल’. घरी येऊन तो म्हणाला, “आजी, खंडेराव मार्केटमध्ये तू करतेस ते हॅगल. म्हणजे तू हॅग.” पोर हसत होतं, पण माझ्या मनाला ते दिवसभर लागून राहिलं. हे खरं आहे का? आणि आपली ‘घासाघीस’ कुठून आली?
– एक आजी, फतेगंज, वडोदरा

उत्तर : आजी, हे खरं नाही. तुमचं पत्र वाचल्यावर बाकीची पत्रं मी बाजूला ठेवली. एकतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं, आणि चुकीच्या व्युत्पत्तीमुळे घरातल्या मोठ्या माणसाला असं ऐकून घ्यावं लागलं तर मला फार वाईट वाटतं.

‘हॅग’ म्हणजे चेटकीण, हे बरोबर आहे. चेटकिणीसाठी जुन्या इंग्रजीत एक लांबलचक शब्द होता, त्याचं हे आखूड झालेलं रूप. पण ‘हॅगल’चं घराणंच वेगळं. आठव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेकडचे वायकिंग इंग्लंडच्या किनाऱ्यावर चालून येऊ लागले आणि पुढे तिथेच शेती करून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेतले कितीतरी शब्द इंग्रजीत रुजले. आपण रोज म्हणतो तो ‘नाइफ’ त्यांचा, ‘एग’ त्यांचा, ‘विंडो’सुद्धा त्यांचीच. त्याच भाषेत ‘हॉग्वा’ असं एक क्रियापद होतं : कुऱ्हाडीने किंवा तलवारीने घाव घालणं, तोडणं. त्यावरून उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात ‘हॅग’ म्हणजे तोडणे असा शब्द चालू झाला. तिकडे जंगलाचा जो भाग तोडायचा म्हणून राखून ठेवतात, त्यालाही ‘हॅग’ म्हणत. उच्चार चेटकिणीसारखा, पण दोघींचं नातं काही नाही. आपल्याकडे ‘भाव’ म्हणजे भक्ताच्या मनातला भाव आणि ‘भाव’ म्हणजे कांद्याचाही भाव. सारखं ऐकू येतं म्हणून कुणी एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटवत नाही.

या तोडण्याच्या ‘हॅग’वरून ‘हॅगल’ आला. म्हणजे त्याचा पहिला अर्थ बाजारातला नाहीच. सोळाव्या शतकात तो होता वेडंवाकडं तोडणं, एका घावात न तोडता चिरफाड करणं. बोथट सुरीने फणस कापताना कडा कशा फाटत जातात, तसं. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकात इंग्रज आणि फ्रेंच यांच्यातल्या १४१५ सालच्या अजिंकूरच्या लढाईनंतर ड्यूक ऑफ यॉर्क कसा पडला ते राजाला सांगतात. अंगभर वार झालेला यॉर्क आधी मेलेल्या आपल्या मित्राजवळ जातो, असं ते वर्णन आहे, आणि त्या अंगभर वारांसाठी शेक्सपिअरने ‘हॅगल’च वापरला आहे. नाटक १५९९ च्या सुमाराचं. तिथे ना भाजी, ना म्हातारी. रणांगण आहे.

साधारण त्याच सुमाराला, १६०० च्या आगेमागे, हा शब्द किमतीवरून वाद घालण्यासाठी वापरात आला. कुऱ्हाड जिभेवर कशी आली, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपण भाव ‘तोडून’ मागतो, किंमत ‘पाडून’ मागतो. हिशेबात ‘काटछाट’ करतो. आपल्याही तोंडात झाड तोडण्याचीच भाषा आहे.

आता शेवटचा ‘ल’ बघा, मला त्याचं फार अप्रूप आहे. इंग्रजीत क्रियापदाला असा ‘ल’ लागला की तीच क्रिया छोटी छोटी होऊन पुन्हा पुन्हा घडते. ‘स्पार्क’ म्हणजे ठिणगी, ‘स्पार्कल’ म्हणजे चमचमत राहणं. ‘क्रॅक’ म्हणजे कडकन तडकणं, ‘क्रॅकल’ म्हणजे तडतडत राहणं. तसं ‘हॅग’ म्हणजे घाव, आणि ‘हॅगल’ म्हणजे थोडं थोडं करून घाव घालत राहणं. हेच काम आपण शब्द दुहेरी करून करतो. मारामारी, कापाकापी, खेचाखेची, आणि घासणेवरून घासाघीस. एकदा घासलं तर घासणं झालं. दोन्हीकडून घासत राहिलं की घासाघीस. वडोदऱ्यातल्या मराठी घरांत तर गुजरातीची ‘रकझक’ही आपलीच झाली आहे, आणि तीही बोलताना दोनदा ठेच लागल्यासारखीच आहे.

या शब्दाचा खरा अर्थ मला कळला तो पुस्तकातून नव्हे, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर. लग्न होऊन आले त्या वर्षी दिवाळीच्या आधी बोहारीण आली. सासूबाईंनी दोन साड्या, तीन पॅन्ट आणि सासऱ्यांचा एक कोट पुढे ठेवला. तिने एकेक साडी उजेडात धरली, काठाजवळ विरलेल्या जागेतून बोट घालून दाखवलं आणि साडी बाजूला सारली. सासूबाईंनी स्टीलचं पातेलं हातात घेतलं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला, अंगठ्याने बूड चोळून जाडी पाहिली. “बा, हजी एक पेन्ट नाखो.” “पॅन्ट नाही, ही उशीची खोळ घे.” “खोळनुं शुं आवे?” एक कपडा इकडून, एक वाटी तिकडून. मध्येच तिने गाठोडं बांधलं आणि उठली. सासूबाई आत वळल्या. दोघी पुन्हा बसल्या. तासाभराने पातेलं आणि दोन वाट्या घरात आल्या, कोट आणि साड्या गाठोड्यात गेल्या. मग सासूबाईंनी तिला पाणी दिलं, चहा दिला आणि तिच्या मुलीच्या बाळंतपणाची चौकशी केली. आवाज कुणाचाच चढला नव्हता. प्रत्येक वेळी अगदी थोडंसं कापलं जात होतं, समोरच्याला लागणार नाही इतकंच.

पुढे वर्गात ‘हॅगल’ शिकवताना मी नेहमी तो ओटाच डोळ्यांपुढे आणला.

तुम्हाला जे लागलं त्यात मात्र तथ्य आहे. हा शब्द मोठ्या माणसांच्या व्यवहाराला सहसा वापरत नाहीत. कंपन्या करार करतात, सरकारं तह करतात, तेव्हा ‘निगोशिएट’ म्हणतात. त्या शब्दाचं मूळ लॅटिनमधलं ‘फुरसत नसणं’, म्हणजे कामधंदा. वर्तमानपत्रात पक्षांनी जागावाटपावरून ‘हॅगल’ केलं असं लिहिलं की समजायचं, लिहिणाऱ्याला ते क्षुद्र वाटतंय. काम एकच, कोट घातलेला करतो तेव्हा एक शब्द, पिशवी घेतलेली करते तेव्हा दुसरा. हा भेद मला पटत नाही, आणि मी तो वर्गात कधी मान्यही केला नाही.

ज्याला अर्थशास्त्राचा जनक म्हणतात त्या अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं आहे की एकाचं कष्टाचं काम आणि दुसऱ्याचं कौशल्याचं काम यांची तुलना करायला नेमकं माप मिळत नाही. ती तडजोड बाजारातल्या घासाघिशीनेच होते. काटेकोर नाही, पण रोजचा व्यवहार चालावा इतपत. तिथे त्याने वापरलेला शब्द ‘हिगलिंग’, म्हणजे ‘हॅगल’चाच नाजूक आवाजाचा भाऊ. खेड्यातून अंडी-कोंबड्या घेऊन शहरात विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याला इंग्लंडात ‘हिगलर’ म्हणत, आणि जमैकात बाजारात भाजी-फळं विकणाऱ्या बायकांना आजही तेच नाव आहे. आजी, तुमच्या भाजीवालीची ही सातासमुद्रापलीकडची बहीण.

बाईंना दोष देऊ नका. अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दाजवळ नेऊन बसवणं ही माणसाची सवयच आहे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. दिवसाच्या पहिल्या विक्रीला गुजरातीत ‘बोणी’, हिंदीत ‘बोहनी’. मराठी विक्रेत्यांच्या तोंडी त्याची ‘भवानी’ झाली. पहिली नोट कपाळाला लावून नमस्कार करताना देवीचं नाव ओठावर येणं किती सहज! पण शब्द देवीपासून निघालेला नाही.

नातवाला हे सगळं एकदम सांगू नका, कंटाळेल. त्याला घेऊन मार्केटला जा, भेंडीचा भाव त्याला करू द्या. घरी आल्यावर एक काम द्या : ‘स्पार्कल’, ‘क्रॅकल’सारखी, शेवटी ‘ल’ असलेली, पुन्हा पुन्हा होणारी आणखी पाच क्रियापदं शोधायची. त्याची यादी मला पाठवा. पुढच्या अंकात त्याच्या नावाने छापीन.