अमेरिकेत १९५४ सालीच कोर्टाने शाळांमधला वर्णभेद बंद केला ना, मग सबर्बच्या शाळा अजून गोऱ्या आणि शहरातल्या काळ्या असं का?

मी न्यू जर्सीत राहतो, इतिहासाचा माणूस नाही, पण घर घेताना हे सगळं जवळून बघितलं म्हणून लिहितोय. एका रस्त्यावर समोरासमोरची दोन घरं बघितली होती, बांधणी तीच, बॅकयार्ड तेवढंच, आणि किमतीत चांगलाच फरक, कारण काय तर रस्त्याच्या मधोमध दोन गावांची हद्द. एजंट वंशाबद्दल चकार शब्द काढत नाही, कायद्याने काढताच येत नाही, तो फक्त म्हणतो स्कूल्स एकदा ऑनलाइन चेक करा. एका बाजूच्या शाळांचं रेटिंग दहापैकी नऊ आणि दुसऱ्या बाजूच्या चार. आम्ही नऊवालं घेतलं, खोटं कशाला बोलू.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या हद्दीत आहे. ५४ च्या ब्राऊन निकालाने एवढंच बंद झालं की सरकारने मुलांना वंशावरून वेगवेगळ्या शाळांत घालायचं नाही. पण इथं शाळा असते स्कूल डिस्ट्रिक्टची (म्हणजे ठराविक हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था), आणि आमच्याकडे डिस्ट्रिक्ट म्हणजे बहुतेक एकेक गावच (या एवढ्याशा राज्यात सहाशेच्या आसपास आहेत!), पैसाही बराचसा घरपट्टीतून. म्हणजे घर कुठं ते ठरलं की शाळा ठरली, आणि सबर्बमध्ये कृष्णवर्णीयांना घर मिळूच नये याची सोय बिल्डर, बँका आणि गृहकर्जाला हमी देणारं सरकारी खातं यांनी मिळून आधीच करून ठेवलेली, घर देताना वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारा १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा आला तोपर्यंत.

खरी मेख मारली गेली १९७४ ला. डेट्रॉइटच्या शाळांत बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय झाली होती, काळी-गोरी मुलं एकत्र आणायला नुसत्या शहरातल्या शहरात मुलं एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पाठवून काही होणार नव्हतं, म्हणून खालच्या कोर्टाच्या जजने आजूबाजूचे ५३ सबर्बन डिस्ट्रिक्टही या एकत्रीकरणाच्या योजनेत घेतले. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते उडवलं. म्हणे सबर्बनी भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, मग त्यांना यात ओढायचं नाही. ब्राऊन खटला ज्यांनी वकील म्हणून लढवला ते थर्गूड मार्शल तेव्हा याच कोर्टात जज होते आणि विरोधात मत देणाऱ्या चौघांत होते, काय वाटलं असेल बिचाऱ्यांना. त्यानंतर गोऱ्या कुटुंबांना हद्द ओलांडून पलीकडे राहायला गेलं की विषय संपला.

पण जमतच नाही असंही नाही हं. आमच्याच राज्यात मॉरिसटाउन हे गाव आणि त्याला चहूबाजूंनी वेढणारी मॉरिस टाउनशिप (हेही वेगळं गावच). टाउनशिपची मुलं वर्षानुवर्षं मॉरिसटाउनच्या हायस्कूलला यायची, मग टाउनशिपला स्वतःचं वेगळं हायस्कूल हवं झालं, ती मुलं गेली असती तर गावातल्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण झपाट्याने वाढलं असतं. काही रहिवासी कोर्टात गेले आणि १९७१ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिक्षण आयुक्तांना दोन्ही डिस्ट्रिक्ट एक करायचा अधिकार आहे. झाले एक, आणि आजही एकच आहेत.

बाकी राज्याचं काय, यावर २०१८ ला खटला दाखल झालाय. २०२३ मध्ये जजने मान्य केलं की कितीतरी डिस्ट्रिक्टमध्ये वांशिक विभागणी आहे, पण अख्ख्या राज्याची व्यवस्थाच तशी असल्याचं सिद्ध झालं नाही म्हणे. ती बातमी मी आमच्या इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, तर पहिला रिप्लाय आला, "घरांच्या किमती पडतील का रे?"